नियम क्रमांक नऊ

परभणीत जिंतूर रोडला, संकुलाच्या मागच्या अंगाला
दहा मीटरची रेंज झाली
तेव्हा बोर्ड रंगवायला मला बोलावणं आलं.
फ्लेक्स नको, म्हणाले गुट्टेसाहेब,
आपल्या उन्हात फ्लेक्सवरचा पुढारीसुद्धा
दोन महिन्यांत पांढरा पडतो.
ऑइलपेंटमध्ये करा. पिवळ्यावर काळी अक्षरं.

सात वर्षांनी ब्रश भिजवला.
टर्पेंटाइनच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं,
असं मी घरी सांगितलं.

एक. रिकामी बंदूकही भरलेलीच समजावी.
आमच्या बापाचं बोलणं असंच असायचं,
घरात सगळे वाकून चालायचे.

दोन. नळीचं तोंड सदैव निशाण्याकडे.
तीन. हुकूम होईपर्यंत बोट घोड्यावर नको.
इथं 'घो'ची मात्रा मी जराशी उडवली, शेपटीसारखी.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
चार. रेषेपुढे माणूस असेल तर हत्याराला हात लावू नये.
पाच. मोबाइल बंद.

सहावा साहेबांनी स्वतःच्या हातानं वाढवलेला:
वाढदिवस, रील, स्टेटस यांसाठी
बंदूक हातात मिळणार नाही. केक आणू नये.
केकचं काय मधीच, मी विचारलं.
मागच्या पोस्टिंगला एकानं छऱ्यानं कापला, म्हणाले.

सात. निशाणा फक्त गोल.
माणूस, जनावर, पाखरू यांचं चित्र लावू नये.
जन्मभर दुसऱ्यांची तोंडं रंगवलेला मी,
हा नियम दोन हात देऊन ठळक केला.

आठ. राग आला असेल तर आधी माठातलं पाणी प्यावं,
मग वहीत सही करावी.

आणि खाली चार बोटं जागा उरली.
माप चुकलं होतं, वरची अक्षरं ऐसपैस झाली होती.
नववा कसाबसा कोंबला,
शेवटचे शब्द तर चौकटीला टेकले:
'थांबा' असं कुणीही म्हटलं तरी सर्वांनी थांबावं.
कारण नंतर विचारावं.

मे महिन्यात तिसऱ्यांदा बिलासाठी गेलो.
आठही लेन भरलेल्या.
डॉक्टर तोष्णीवाल, तहसील कचेरीतले दोघे,
आणि एका डोळ्यावर पट्टी लावून
राज्य स्पर्धेची तयारी करणारी उमैमा.
कौसाबाई मागं फरशी पुसत होती.
वीस वर्षं ती या शहरात फरशी पुसते,
तिच्या बोलण्यानं कुणी मान वळवल्याचं
मी तरी बघितलेलं नाही.

ती म्हणाली, थांबा.

ओरडली नाही. आपण रिक्षावाल्याला म्हणतो तसं.

आठही नळ्या थांबल्या.
बोटं बाहेर आली, बंदुका टेबलावर उघड्या पडल्या,
डॉक्टर दोन पावलं मागं सरकले,
उमैमानं पट्टी वर केली.
पंख्याचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

निशाण्यामागच्या दाराशी काहीतरी हललं होतं.
छरे वेचायला पोरं येतात, शिसं भंगारात जातं.
गुट्टेसाहेब स्वतः बघून आले.
पोरगं नव्हतं.
तिनंच सकाळी कडीला वाळत घातलेलं फडकं
वाऱ्यानं फडफडलं होतं.

मी वाट बघत होतो, आता तिला कोण काय बोलतंय.
साहेबांनी वही ओढली. लिहिलं:
अकरा चाळीस. थांबा. कौसाबाई.
कारण: काही नाही.
आणि खाली लफ्फेदार सही.

नंतर ती बोर्डापाशी आली.
वाचता येत नाही, म्हणाली,
त्यातली माझी ओळ कुठली ते दाव.
मी दाखवली. तिनं ओला हात पदराला पुसला,
अक्षरांवरून बोट नेलं,
रंग वाळून महिना झाला होता तरी जपून.
'एवढं बारीक कामून लिवलं, बाप्पा?'
वरून लिहीत आलं की असं होतं, मावशी,
खाली येईपर्यंत जागा संपते.

ती बादली उचलून लेन चारकडे गेली.
माझं बिल त्या दिवशीही निघालं नाही.